एकोणतीसचा पाढा

पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढता काढता सत्यवान सर दाराबाहेरच थांबले. आत दबोरा मुलांना काहीतरी सांगत होती, आणि मुलं इतकी गप्प होती की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक बाहेर ऐकू येत होती. "मी आठ वर्षांची होते तेव्हा मलाही शाळेत बाटगी म्हणाले," ती सांगत होती. "मी रडत एका मोठ्या माणसाकडे गेले. त्यांनी मला जवळ बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, कुणी असं बोललं की मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणायचा. मी म्हटला. वर्षानुवर्षं म्हटला. माझा पाढा अगदी पक्का झाला." मुलं हसली. दबोराही हसली. "पण बोलणारे बोलतच राहिले," ती म्हणाली. तिनं नाव घेतलं नाही. नाव न घेण्यात तिची माया होती हे सरांना कळत होतं, आणि नेमकी तीच त्यांना सोसवेना. नाव घेतलं असतं तर निदान भांडता आलं असतं. त्यांनी पुडा परत पिशवीत टाकला. वळताना दाराशी पडलेल्या चपलांकडे त्यांचं लक्ष गेलं आणि सवयीनं त्यांनी जोड मोजले. तेवीस. त्यांच्या हाताखाली हा आकडा चौदाच्या वर कधी गेला नव्हता, नाताळच्या आधीच्या रविवारी केक असायचा तेव्हासुद्धा नाही.

दौंडच्या रेल्वे कॉलनीमागं चर्चच्या कडेची ही खोली. इथला रविवारचा वर्ग सव्वीस वर्षं त्यांचा होता. पावसाळ्यात मोतीबिंदू काढला, तेव्हा डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितलं. खडूची तर नकोच. दबोरा रेल्वेच्या कचेरीत कामाला होती, रविवारी मोकळी असायची, म्हणून त्यांनीच तिला सांगितलं होतं की दोन रविवार सांभाळ. तिनं सांभाळले, आणि सांभाळता सांभाळता जानेवारी आला. कुणी काही हिरावून घेतलं असं नव्हतं. डोळा बरा होऊन तीन महिने झाले होते आणि कुणी त्यांना या असंही म्हटलं नव्हतं, नको असंही नाही. ते चालत स्टेशनापर्यंत आले. पुण्याची डेमू फलाटाला लागलेली होती. बाकावर बसून त्यांनी पुडा फोडला आणि मुलांसाठी आणलेली बिस्किटं एकामागून एक कोरडीच खाल्ली. घशात चुरा अडकला तरी ते खात राहिले. बाहत्तर वर्षांच्या माणसानं असं करू नये, हे त्यांना सातव्या बिस्किटाला वाटलं, आणि आठवंही त्यांनी खाल्लं.

दबोराची ती दुपार त्यांना स्वच्छ आठवत होती. दोन वेण्या, एका वेणीची रिबन सुटलेली, नाकाचा शेंडा लाल. तिला पाणी दिलं, हुंदके थांबायची वाट पाहिली, मग विचारलं होतं, एकोणतीस साते किती? तिनं डोळे पुसत दोनशे तीन सांगितलं, आणि सांगताना तिचं रडणं थांबलं होतं. त्यांनी स्वतः पाहिलं होतं ते. आपल्या हातून काही चांगलं झालं असेल तर ते हेच, अशी त्यांची समजूत होती. किती पोरांना दिला असेल त्यांनी हा पाढा. कुणी खेळताना बोललं म्हणून रडत यायचं, कुणी वर्गात बोललं म्हणून, कुणाला भाड्याची खोली देता देता घरमालक आडनाव विचारून गप्प झाला म्हणून एखादा मोठा मुलगाही यायचा. सरांकडं औषध एकच. बाकी पाढे सोपे, ते जिभेवरून घसरतात आणि मन मोकळं राहतं. एकोणतीसच्या पाढ्याला सगळं डोकं लागतं. राग मावेल एवढी जागा उरत नाही. असं ते समजावून सांगत, आणि पोरं समजल्यासारखी मान हलवत.

हा शोधही त्यांचा नव्हता, आईचा होता. वडील शिरूरला मिशनच्या बंगल्यावर माळी होते. ते गेल्यावर आई, सोजराबाई, सात वर्षांच्या सत्यवानला घेऊन निमोण्याला माहेरी आली आणि लोकांच्या शेतात खुरपायला जाऊ लागली. गावात ख्रिस्ती घरं तीन. शाळेची वाट एका लांब बांधावरून जायची, आणि बांधाच्या तोंडाशी पोरं बसलेली असायची. "आला रं बाटगा," पहिल्या दिवशी एक जण म्हणाला. रागानं नव्हे, एखादं जनावर ओळखून सांगावं तसं. सत्यवाननं घरी येऊन आईला विचारलं, बाटगा म्हणजे काय. भाकरी थापणारे आईचे हात तेवढ्यापुरते थांबले, एवढंच उत्तर त्याला मिळालं. मग तिनं विचारलं, "गुरुजींनी आज काय पाठ करायला दिलंय?" एकोणतीसचा पाढा, तो म्हणाला. "मंग त्यो म्हनत जायाचं. बांध सरंस्तवर म्हनायचं. वर बघायचं न्हाई." तिला स्वतःला विसाच्या पुढं मोजता येत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी त्यानं करून पाहिलं, आणि पाढा संपला तेव्हा बांधही संपला होता. पाच वर्षं तो त्या बांधावरून गेला, आला. पुढं शिरूर तालुक्यात तोंडी हिशेबात त्याचा हात धरणारं पोर राहिलं नाही. बक्षीस घेताना टाळ्या वाजत होत्या, तेव्हा बांधावरची ती पोरंही टाळ्या वाजवताना त्याला दिसली होती. गणिताचा मास्तर झाला तो त्या पोरांमुळं. पुष्कळ वर्षं सर हे गमतीनं सांगत. गमतीनं सांगता येतं याचाच त्यांना अभिमान होता.

घरी आले तेव्हा जेसिका ओसरीवर चप्पल काढत होती. ही त्यांची नात, नऊ वर्षांची, हडकुळी, समोरचे दोन दात नुकते आलेले. तिचा बाप जोनाथन रांजणगावच्या कारखान्यात शिफ्टवर. त्यामुळं तिचा गृहपाठ, डबा, दप्तर सगळं आजोबांकडं. आज काय शिकवलं, त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. आज खेळ होता, ती म्हणाली. दबोरा आत्या जोड्या लावते. एकानं चिडवायचं. दुसऱ्यानं उभं राहायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, माझं नाव जेसिका आहे, परत म्हण. ओरडायचं नाही, रडायचं नाही. त्यानं नाव घेतलं नाही तर काय, सरांनी विचारलं. "तर तिथंच उभं राहायचं," जेसिका म्हणाली, "मी शाळेत केलंय." तिच्या वर्गातल्या एका मुलानं तिला राईस बॅग म्हटलं होतं. तिला आधी कळलंच नाही, कारण तांदळाची गोणी म्हणायला ती जाडी कुठं होती. दबोरा आत्यानं सांगितलं, की तुझ्या खापरपणजोबांनी तांदळाच्या पिशवीसाठी देव बदलला, असं त्याला म्हणायचंय, आणि हे तो मोबाइलवर शिकलाय. मग दुसऱ्या दिवशी तो परत म्हणाला, तेव्हा ती त्याच्यासमोर उभी राहिली. तो हसला. त्याचे मित्र हसले. ती उभीच राहिली. घंटा झाली, बाई वर्गात आल्या, तरी ती हलेना, तेव्हा तो घाबरून म्हणाला, जेसिका, जा ना बाई जागेवर. "म्हणजे म्हणाला की नाही?" तिनं विचारलं आणि ते नवे मोठे दात दाखवत हसली.

सरांना तिला उचलून घ्यावंसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्यांना भलतंच टोचलं. ही हकीकत दबोराला आधी कळली होती, त्यांना आज. आणि त्याहून आत, जिथं ते सहसा जात नसत, तिथं एक वाईट गोष्ट बसलेली त्यांना दिसली: आपल्याला जे बाहत्तराव्या वर्षीही मिळालं नाही, ते या पोरीला नवव्या वर्षी मिळालं. त्यांनी तिला पुढ्यात बसवलं आणि म्हणाले, माझ्याकडं याहून चांगला उपाय आहे. एकोणतीसचा पाढा म्हण बघू. तिनं तो न अडखळता म्हटला, त्यांनीच तर शिकवला होता. दोनशे नव्वदला ती थांबली आणि वाट पाहत राहिली. "झाला," ती म्हणाली. "मग काय करायचं, आजोबा?" त्यांनी तिला हात धुवायला पाठवलं.

संध्याकाळी त्यांनी दबोराला फोन केला, की डोळा आता बरा आहे. ती मनापासून आनंदली. या ना सर, म्हणाली, पाढे मला शिकवता येत नाहीत, तेवढे तुम्हीच घ्या, शेवटची वीस मिनिटं तुमची. तिच्या आवाजात कुठं तरी वर्ग धरून ठेवल्याची खूण असेल म्हणून त्यांनी कान देऊन ऐकलं. काही नव्हतं. ती सहज देत होती, आणि ज्याला देताना काही वाटत नाही त्याच्याकडून घेणं त्यांना जड गेलं. बघू, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दोन दिवसांनी हौसराव आले. त्यांच्याबद्दल सांगायचं तर सरांकडं चांगलंच सांगण्यासारखं पुष्कळ होतं. राहू गावचे बागायतदार, घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. हौसेनं मास्तर झालेले. अठ्ठावीस वर्षं दोघं एका शाळेत होते, एका बाकावर बसून डबा खात होते. सरांची बायको सविता शेवटच्या आजारात होती, तेव्हा हौसरावांनी स्वतःची जीप काढून तिला पुण्याला नेलं होतं, दोनदा रक्त दिलं होतं. आणि पहिल्या दिवसापासून ते सरांना बाटग्या म्हणत. "ए बाटग्या, डबा काढ." "बाटग्या, तास घे रं माझा." सर त्यांना हौसराव म्हणत, तुम्ही म्हणत. निरोप समारंभात हौसराव भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, ह्यो आमचा बाटगा, पर सोन्यावानी मानूस; सभागृह हसलं, टाळ्या पडल्या, सरही हसले. त्या टाळ्या संपेपर्यंत ते एकोणतीस साते दोनशे तीनवर पोचले होते. ही शिवी नव्हेच, ते सविताला समजावत. एवढ्या मायेनं मला दुसरं कोण हाक मारतं? सविताच्या हातून स्वयंपाकघरात झाकण जरा जोरात पडे.

दर जानेवारीत हौसराव गुळाची ढेप घेऊन येत. त्या संध्याकाळी सर आत चष्मा पुसत होते. फाटकाची कडी वाजली आणि नेहमीची हाक आली, "ए बाटग्या, हाईस का घरात?" डोक्यात पाढा आपसूक सुरू झाला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. मग ओसरीवरून जेसिकाचा आवाज आला. "माझ्या आजोबांचं नाव सत्यवान आहे. परत म्हणा."

आता बाहेर जायला हवं होतं. जेसिका, आत ये, मोठ्यांशी असं बोलत नाहीत. वाक्य तयार होतं, पाऊलही उचललं होतं. पण सर पडद्याआड थांबले. का थांबले, हे त्यांना त्या क्षणीच ठाऊक होतं. तिला काय मिळतं ते त्यांना बघायचं होतं. हौसराव आधी मोठ्यानं हसले, छातीतून, जसे ते नेहमी हसत. पोर हलली नाही. हसू थोडं बारीक झालं. "आगं, तुजा आजा आन् मी जुनं दोस्त हाय," ते म्हणाले. पोर त्यांच्या डोळ्यांत बघत उभी. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. हौसरावांनी ढेप कुंपणाच्या भिंतीवर ठेवली, हात धोतराला पुसले. "कुनी शिकिवलं गं तुला ह्ये?" "दबोरा आत्यानं." मग त्या ऐंशी किलोच्या, पांढऱ्या मिशांच्या माणसानं एका नऊ वर्षांच्या मुलीपुढं हात जोडले. "चुकलं माजं, पोरी. सत्यवान सर हायेत का घरात?" सगळं मिळून दोन मिनिटंही झाली नसतील. पडद्याची कड सरांच्या मुठीत चुरगळली होती. बेचाळीस वर्षं. ते हात कुणापुढं जोडले जायला हवे होते? आणि नाव निघालं तेही दबोराचं. स्वतःच्या नातीचा हेवा करणारा माणूस कसा दिसत असेल, हे आरशात बघायची त्यांना भीती वाटली. चष्मा हातातच होता, तो त्यांनी घातला नाही.

चहा झाला. हौसराव खुर्चीच्या कडेवर बसले होते, पाहुण्यासारखे. गुळाचा उतारा यंदा कमी पडला, ते म्हणाले. मध्येच एकदा त्यांच्या तोंडून ‘सर’ अशी हाक निघाली, आणि तो शब्द दोघांच्या मध्ये नवीन भांड्यासारखा पडून राहिला. मग बशीत बघत त्यांनी विचारलं, "तू कवाच काय बोलला न्हाईस. मला वाटलं, तुला चालतंय. चालत व्हतं का न्हाई?"

इथं हसता आलं असतं. सोडा हो, पोरगी आहे, तिचं काय ऐकता. एवढं म्हटलं असतं की हौसरावांचे खांदे सैल झाले असते, ते मोठ्यानं हसले असते, आणि पुढच्या जानेवारीत तीच हाक, तीच ढेप. सरांना या वयात दुसरा दोस्त नव्हता. हौसराव अंग ताठ करून बसले होते, त्यांना हवं ते उत्तर चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. परीक्षेत कच्च्या मुलाच्या तोंडावर असतं तसं. सरांनी पाढ्याला हात घातला. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, चोक एकशे सोळा. बाहेर ओसरीवर जेसिका पेन्सिलला टोक काढत होती, तो आवाज येत होता. पाचा एकशे पंचेचाळीस. ते थांबले.

"नाही," ते म्हणाले.

"कवापासनं?"

"पहिल्या दिवसापासून, हौसराव."

हौसरावांनी अर्धा चहा तसाच ठेवला. पायताण घालायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग मोटारसायकल सुरू झाली आणि आवाज राहूच्या रस्त्याला लागला.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. फोन आला नाही. गुळाची ढेप फडताळात होती. जेसिका भाकरीबरोबर खायची, सर तिला हात लावत नसत. संध्याकाळी कडी वाजली की ते चष्मा चाचपत आणि दूधवाला निघे. तिसऱ्या रविवारी ते वर्गात जाऊन मागं सतरंजीवर बसले. मुलं जोड्यांनी उभी होती. चिडवायचं, नाव सांगायचं, परत म्हण म्हणायचं, की लगेच जागा बदलून दुसरा डाव. कुणी हसत होतं, कुणाचा आवाज चिरकत होता, आणि वर्ग सुटल्यावर सगळी आरडाओरडा करत खो-खोला पळाली. त्यासाठी मुलांना काही किंमत मोजावी लागली नव्हती. सरांना पुन्हा तसाच हेवा वाटला. त्यांचं एकच वाक्य, आणि त्यात एक दोस्त गेला. हीच गोष्ट सातव्या वर्षी बांधावर केली असती तर काय गेलं असतं? फार तर एखादा दगड लागला असता. पण हे आईला कोण विचारणार. तिच्यापाशी होतं ते तिनं दिलं, आणि त्यांनी ते पन्नास वर्षं जसंच्या तसं पुढं वाटलं, तपासून न बघता. गणिताच्या माणसानं ताळा करून बघायला नको होता?

दबोरा फळा पुसत होती. मागं न वळताच तिनं विचारलं, की त्या रविवारी तुम्ही दारापर्यंत येऊन गेलात ना? जेसिकानं पिशवीत रिकामा पुडा बघितला म्हणे. सर ओशाळले. "सर," ती म्हणाली, "तुम्ही मला पाणी दिलं होतं, जवळ बसवलं होतं. ते मी पोरांना आधी सांगते. त्यांना हसू पाढ्याचंच येतं." सरांनी खाली पडलेला खडूचा तुकडा उचलून खोक्यात टाकला. "दोनशे नव्वदच्या पुढं काय, ते मलाही माहीत नव्हतं गं," ते म्हणाले. ती वळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं त्याचं काही केलं नाही, आणि सरांनाही विचारायला एखादा गुणाकार सुचला नाही. बाहेर मुलं ओरडत होती.

त्याच संध्याकाळी कडी वाजली. दूधवाल्याची वेळ झालेली नव्हती. सर ओसरीच्या खुर्चीत होते; जाळीतून त्यांना फाटकाशी पांढरी टोपी दिसली, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. कडी वाजली होती पण फाटक उघडलं नव्हतं, आणि हाकही आली नव्हती. हौसराव उभे होते. बेचाळीस वर्षं ज्या शब्दानं हे फाटक उघडलं तो त्यांच्यापाशी राहिला नव्हता, आणि दुसरा कधी लागलाच नव्हता. त्यांनी घसा साफ केला. रस्त्याकडं पाहिलं. परत फाटकावर हात ठेवला. जेसिका वहीतून मान वर करून म्हणाली, आजोबा, कुणीतरी आलंय. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. उठावं, म्हणून गुडघे आपसूक सरसावले होते. आयुष्यभर ते पहिल्या हाकेला उठत आले होते, आणि आज तर हाकेच्याही आधी. त्यांनी हातांनी खुर्चीचे दांडे धरून ठेवले. डोक्यात पाढा सुरू होण्याची त्यांनी वाट पाहिली. तो आला नाही. समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली, दूर स्टेशनात गाडीचा भोंगा वाजला.

"सत्यवान," फाटकाशी आवाज आला. हळू, एकेक अक्षर सुटं. पहिलीतलं पोर पाटीवर बोट ठेवून वाचतं तसं.

स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी सर जागचे हलले नाहीत. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी, हावरा वाटला.

"परत म्हणा," ते म्हणाले.